हरभऱ्यातली मर आणि पुडीतले जिवाणू: कुणाला खरोखर गुण आला आहे का?

कोरडवाहू (औसा तालुका), २४ सप्टेंबर

राम राम मंडळी. सोयाबीन आठ-दहा दिवसांत काढणीला येईल आणि त्यामागं हरभरा. गेल्या रब्बीत साडेतीन एकरांत मर शिरली. आधी इथं चार, तिथं सहा झाडं माना टाकून उभी. मग घाटे भरायच्या सुमाराला रानात ठिगळं पडली. पानं वाळली तरी झाडालाच चिकटलेली. उपटून बघितलं तर मूळ वरून धडधाकट, सड नाही, वास नाही. पण चाकूनं खोड उभं चिरलं की आत काळपट तपकिरी रेघ, बुडापासून वर चढत गेलेली.

वडील म्हणाले, "हे रान आता हरभऱ्यातून गेलं समज." ते फार लागलं मनाला. रब्बीला आमच्याकडं पाणी नाही. हरभरा नाही तर मग काय घ्यायचं?

पेरताना मी जिवाणूंच्या पुड्या बियाण्याला चोळल्या होत्या. काडीचाही फरक दिसला नाही. यंदा परत पैसे घालावेत का, एवढंच विचारायचं आहे. ज्यांनी वापरलं त्यांनी चांगलं-वाईट दोन्ही सांगा.

रानवेध, २४ सप्टेंबर

आमचाही अनुभव तोच. दोन वर्षं वापरलं, नंतर सोडून दिलं. शेणखत टाकलेल्या रानात पीक चांगलं, न टाकलेल्यात वाईट. पुडीचा संबंध कुठं दिसला नाही. वाचतोय.

सूक्ष्मदर्शी, २४ सप्टेंबर

कोरडवाहू, खोड चिरून बघितलंत हे फार चांगलं केलंत. फ्युजॅरियम बुरशीनं पाणी वाहणाऱ्या नळ्या अडवल्या की ती रेघ दिसते. कोरडी मूळकूज असती तर सोटमूळ ठिसूळ होऊन उपटताना तुटलं असतं आणि बारीक मुळ्या गळून गेल्या असत्या. म्हणजे रोग तरी पक्का कळला.

आता पुड्यांबद्दल सांगा. कोणते जिवाणू होते? तयार केल्याची तारीख कोणती? घरी कुठं ठेवल्या? बियाण्याला आणखी काय लावलं आणि नंतर किती वेळानं पेरलं? हे कळल्याशिवाय पुडी चांगली की वाईट, यावर मी बोलणार नाही. (सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, आता निवृत्त आहे.)

कोरडवाहू, २५ सप्टेंबर

सर, सगळं जसं झालं तसं सांगतो.

सोयाबीनच्या वेळी घेतलेलं रायझोबियम उरलं होतं, तेच हरभऱ्याला वापरलं. सोबत स्यूडोमोनासची पावडर नवी घेतली. तारीख बघितली नाही. पुड्या खताच्या शेडमध्ये, पत्र्याखालच्या फळीवर होत्या. रायझोबियम तर जूनपासून तिथंच. पेरणीच्या आदल्या दिवशी एकाच घमेल्यात थायरम, रायझोबियम आणि स्यूडोमोनास कालवून बियाण्याला चोळलं. ओल राहू नये म्हणून ताडपत्रीवर उन्हात वाळवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पेरलं.

लिहितानाच काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय.

सूक्ष्मदर्शी, २५ सप्टेंबर

वाईट वाटून घेऊ नका, पण गेल्या वर्षी तुमच्या रानात जिवाणू पेरलेच गेले नाहीत. तिफणीत बी पडलं तेव्हा त्यातले बहुतेक मेलेले होते.

पहिली गोष्ट, सोयाबीनचं रायझोबियम हरभऱ्याला चालत नाही. सोयाबीनच्या मुळावर गाठी करतो तो ब्रॅडीरायझोबियम, हरभऱ्याचा तो मेसोरायझोबियम. द्विदल पिकाचं मूळ मातीत विशिष्ट रसायनं सोडतं. ज्या जिवाणूला ती ओळखता येतात तो उलट स्वतःचं रसायन सोडतो, आणि मगच मूळ त्याला आत घेतं. हरभऱ्याची ही ओळख फार काटेकोर आहे. पुडीवर पिकाचं नाव छापलेलं असतं ते यासाठी.

दुसरी, स्यूडोमोनास बीजाणू करत नाही. बॅसिलस संकट आलं की जाड कवचाचा बीजाणू करून वर्षानुवर्षं पडून राहतो, त्यामुळं त्याची पुडी बरीच टिकते. स्यूडोमोनासला ती सोय नाही. टाल्कमधली त्याची पुडी काही महिन्यांचीच सोबती, आणि पत्र्याखालच्या उष्णतेत तर तेवढीही नाही. थायरमसारखं बुरशीनाशक आणि जिवाणू एका घमेल्यात, वर ऊन. यातून काय वाचणार?

आता हे करतात तरी काय, ते सांगतो. एकदा कळलं की चुका आपोआप कमी होतात.

मुळाला चिकटून असलेला मातीचा पातळ थर हे वेगळंच गाव आहे. जर्मनीच्या लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ साली त्याला 'रायझोस्फिअर' असं नाव दिलं. पानांत तयार झालेल्या अन्नातला मोठा वाटा झाड मुळांतून बाहेर सोडतं, त्यात साखर असते, आम्लं असतात. बाकी मातीत उपासमार आणि मुळाशी रोज पंगत, त्यामुळं सगळी गर्दी तिथं. त्या गर्दीतले काही जिवाणू झाडाची वाढ सुधारतात, हे अमेरिकेतल्या जोसेफ क्लोपर आणि मिल्टन श्रॉथ यांनी १९७८ साली मुळ्याच्या पिकावर दाखवलं. शेतीशास्त्रात आज या गटाला 'पीजीपीआर' म्हणतात.

पंगतीला आधी येऊन बसणं, हे त्यांचं निम्मं काम. मुळाच्या टोकाला जिथं रस जास्त सुटतो तिथं हे बसले की बुरशीला जागा आणि अन्न कमी पडतं. काही जण प्रतिजैविकं सोडतात. बॅसिलस सबटिलिस इट्युरिन, फेंगायसिन अशी द्रव्यं करतो, ती बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतात. आणि स्यूडोमोनास फ्लुरोसेन्स लोह पळवतो. मातीतलं लोह पकडायला तो पिवळसर हिरवं द्रव्य सोडतो, बुरशीच्या वाट्याला मग लोह उरत नाही. दरवर्षी मी मुलांना अंधाऱ्या खोलीत नेऊन या जिवाणूची पेट्री डिश अतिनील दिव्याखाली धरायचो. सगळ्या वसाहती काजव्यासारख्या हिरव्या उजळायच्या आणि वर्ग एकदम गप्प व्हायचा. फ्लुरोसेन्स हे नाव त्या उजेडावरूनच पडलं.

तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे लोहाची ही चढाओढ चुनखडीच्या, जास्त सामूच्या जमिनीत जास्त कामाला येते, कारण तिथं विरघळलेलं लोह मुळातच कमी असतं. औशाची काळी जमीन बहुतेक तशीच असणार.

शेवटची गोष्ट मला स्वतःला सर्वांत थोर वाटते. हे जिवाणू मुळाशी असतात आणि झाड वर पानांपर्यंत सावध होतं. मग रोग आला की त्याचा प्रतिकार लवकर आणि जोरात सुरू होतो. म्हणूनच हे रोगाच्या आधी करायचं काम आहे. माना टाकलेलं झाड यानं उठत नाही.

आलेवाला (कोरेगाव), २६ सप्टेंबर

सरांचं शेवटचं वाक्य आम्ही पैसे मोजून शिकलो. आल्याला कंदकूज दिसली म्हणून घाबरून कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांबेयुक्त बुरशीनाशकाची आळवणी केली आणि चार दिवसांनी त्याच गादीवाफ्यांवर ड्रिपमधून स्यूडोमोनास सोडला. तांब्यावर जिवाणू. दोन्ही पैसे पाण्यात.

वर रोगही वेगळाच निघाला. शेजारच्या एका म्हाताऱ्या बागाईतदारानं दाखवलं. माना टाकलेल्या झाडाचा दांडा बुडाशी तिरका कापला आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभा धरला, अजिबात न हलवता. मिनिटभरात कापलेल्या टोकातून दुधासारखा बारीक धागा खाली उतरायला लागला. तो म्हणाला, ही बुरशी नाही, हा जिवाणूजन्य मर. सगळं बेणं त्याच रानातलं होतं, पुढच्या हंगामाला ते ठेवायचं नाही असं ठरवलं म्हणून निदान तेवढं तरी वाचलं.

आता बेणं लावायच्या आधी प्रक्रिया करतो, शेणखतात जिवाणू कालवून वाफ्यावर टाकतो, आणि सगळ्यात आधी पाण्याचा निचरा बघतो. पाणी तुंबलं तर कुठलाच जिवाणू कंद वाचवत नाही.

रानवेध, २६ सप्टेंबर

म्हणजे आपले मित्रही जिवाणू आणि शत्रूही जिवाणू. सर, मग माझा प्रश्न सरळ आहे. सगळं नीट केलं तरी रानात फरक का दिसत नाही? पुडीत किती जिवाणू आहेत ते शेतकऱ्यानं कसं ओळखायचं?

सूक्ष्मदर्शी, २६ सप्टेंबर

रास्त प्रश्न. घरी ओळखता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. पण कायदा काय सांगतो ते ठाऊक असावं. जिवाणू खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशात आली. पावडरीत प्रति ग्रॅम किमान ५ कोटी आणि द्रवरूपात प्रति मिलिलिटर किमान १० कोटी जिवंत पेशी हव्यात. स्यूडोमोनास, ट्रायकोडर्मा रोगनियंत्रणासाठी विकले जातात तेव्हा ते कीटकनाशक कायद्याखाली येतात, म्हणून त्यावर नोंदणी क्रमांक असायलाच हवा. क्रमांक नाही, तारीख खोडलेली आहे, नुसतं 'जादुई मिश्रण' लिहिलंय, असं काही दिसलं तर हात लावू नका. कृषी विद्यापीठं आणि त्यांची महाविद्यालयं स्वतः संवर्धक तयार करतात, तिथून ताजं आणता आलं तर उत्तम. हळद-आल्याच्या पट्ट्यात परभणीच्या विद्यापीठाचं 'बायोमिक्स' बरेच जण वापरतात.

(ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे, जिवाणू नाही. दुकानात सगळं एकाच फळीवर असतं म्हणून सांगितलं.)

फरक का दिसत नाही याचं दुसरं कारण तुम्हीच वर लिहिलंय, शेणखत. बाहेरून आणलेला जिवाणू रानात उपरा असतो. सेंद्रिय कर्ब नसलेल्या कोरड्या मातीत तो चार दिवसही टिकत नाही.

पुलमनवासी, २७ सप्टेंबर

मी मूळचा सोलापूरचा, सध्या अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात पुलमनला असतो. सगळीकडं गव्हाच्या टेकड्या. इथल्या मातीची गोष्ट या धाग्यात सांगितलीच पाहिजे.

इथं गव्हाला 'टेक-ऑल' नावाचा मूळरोग येतो. मुळं आणि खोडाचा बुडखा काळा पडतो, ओंब्या पांढऱ्या फटक आणि पोचट. गव्हावर गहू घेत गेलं की पहिली काही वर्षं रोग वाढतच जातो. नेटानं गहूच घेत राहिलं तर एका टप्प्यावर तो आपोआप उतरायला लागतो. बुरशी मातीत असते, पण रोग होत नाही. अशी थोडी माती दुसऱ्या मातीत मिसळली तर हा गुण तिथंही जातो. तीच माती अर्धा तास ६० अंशांवर तापवली की गुण संपतो. म्हणजे तो एखाद्या क्षाराचा नाही, जिवंत काहीतरी आहे.

डेव्हिड वेलर, लिंडा थोमाशो आणि जेम्स कुक यांनी याच गावात राहून त्याचा माग काढला. फ्लुरोसेन्ट स्यूडोमोनासच मुळांवर वाढलेले निघाले, आणि ते एक प्रतिजैविक सोडतात, थोडक्यात नाव डीएपीजी. पुढं वेलर आणि योस राइमाकर्स यांनी १९९८ साली दाखवलं की मुळाच्या प्रत्येक ग्रॅममागं असे साधारण १ लाख जिवाणू असले तर रोग दबतो, त्याखाली गेले की नाही.

रानवेध, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर इथं आहे असं मला वाटतं. पुडीत किती आहेत यापेक्षा मुळावर किती टिकले, त्यावर सगळं ठरतं.

कोरडवाहू, २७ सप्टेंबर

पुलमनवासी भाऊ, मग मी दरवर्षी हरभऱ्यावर हरभराच घेत राहिलो तर माझीही माती तशी होईल का?

पुलमनवासी, २७ सप्टेंबर

नको, नको! तो गुण टेक-ऑलचा आहे, फ्युजॅरियमच्या मरीला लागू करू नका. रोग दाबणाऱ्या माती मरीच्या बाबतीतही आहेत, फ्रान्समधल्या शातोरनारची खरबुजाची माती प्रसिद्ध आहे. पण ती माती तशी आहे म्हणून तशी आहे, पिकावर पीक घेऊन केलेली नाही. तुमच्याकडं बुरशीच वाढत राहील.

सूक्ष्मदर्शी, २७ सप्टेंबर

पुलमनवासींशी पूर्ण सहमत. ही बुरशी हरभरा नसतानाही सहा-सहा वर्षं जमिनीत जगते. म्हणून पहिलं पाऊल वाणाचं. विजय, दिग्विजय, जॅकी ९२१८ असे मर सहन करणारे वाण आहेत, त्यातला तुमच्याकडं चालणारा घ्या. जिवाणू त्याच्या जोडीला.

गच्चीवरची_बाग (पुणे), २८ सप्टेंबर

मी शेतकरी नाही, गच्चीवर चाळीस कुंड्या आहेत. धागा दोनदा वाचला. सर, एक शंका आहे. जिवाणूनं सगळं लोह पळवलं तर झाडच पिवळं पडणार नाही का? आणि घरात लहान मुलं आहेत, पावडर वापरायला धोका नाही ना?

सूक्ष्मदर्शी, २८ सप्टेंबर

ताई, शंका अगदी योग्य आहे. झाडाला लोह मिळवायच्या स्वतःच्या युक्त्या असतात. हरभऱ्याचं मूळ आम्ल सोडतं आणि लोहाचं रूप बदलून ते आत घेतं. शिवाय जिवाणूच्या त्या हिरव्या द्रव्याला चिकटलेलं लोहही झाडं घेऊ शकतात, असं प्रयोगांत दिसलंय. अडचण होते ती बुरशीची.

पावडर चाळताना नाका-तोंडाला फडकं बांधा, नंतर हात धुवा, मुलांना तेवढा वेळ लांब ठेवा. नोंदणी नसलेली मिश्रणं घेऊ नका असं मी म्हणतो त्याचं हेही एक कारण. स्यूडोमोनासच्याच कुळात माणसाला आजारी पाडणारा एरुजिनोसा आहे. अनोळखी डब्यात कोण वाढलंय ते डोळ्यांना दिसत नाही.

उसाचा_पट्टा (सांगली), २८ सप्टेंबर

उसाला आम्ही ॲसिटोबॅक्टर वापरतो. तो यातलाच का?

सूक्ष्मदर्शी, २९ सप्टेंबर

नात्यातला म्हणा. ग्लुकोनअॅसिटोबॅक्टर उसाच्या आतच राहतो आणि हवेतला नत्र बांधतो. ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली तो उसातून वेगळा केला. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

कोरडवाहू, पेरणी जवळ आली म्हणून तुमची कृती लिहून देतो. आधी बुरशीनाशक लावून बी पूर्ण सुकू द्या. बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू, हा क्रम कधीच मोडायचा नाही. लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पार थंड करा. हरभऱ्याचं रायझोबियम १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम आणि स्यूडोमोनास किलोला १० ग्रॅम, या पाण्यात सरबरीत कालवून हलक्या हातानं लावा. बी चिंब करू नका, साल सुटते. झाडाखाली किंवा घरात सावलीत वाळवा आणि त्याच दिवशी पेरा. शिवाय एकरी किलोभर स्यूडोमोनास कुजलेल्या, ओलसर शेणखतात कालवून पेरणीच्या वेळी मातीत जाऊ द्या.

आणि माझी एक विनंती. मधली चार तासं, म्हणजे पेरणीच्या चार ओळी, जिवाणू न लावता पेरा, बाकी सगळं तेच. खुंटी ठोकून ठेवा. त्याशिवाय तुम्हाला काय, मलाही काही कळणार नाही.

रानवेध, २९ सप्टेंबर

चार तासांना +१. हे मी कधीच केलं नव्हतं, आता करतो.

कोरडवाहू, २९ नोव्हेंबर

मंडळी, पेरणी २० ऑक्टोबरला झाली. वाण बदलला. पुड्या महाविद्यालयातून ताज्या आणल्या, येताना ओल्या पोत्यात गुंडाळून आणल्या आणि घरात माठाशेजारी ठेवल्या. चार तासं सोडली आहेत, दोन्ही टोकांना खुंट्या.

आज चाळिसाव्या दिवशी झाडं काढून बघितली. उपटली तर गाठी तुटून मातीत राहतात, म्हणून कुदळीनं ढेकूळ उचललं आणि बादलीत भिजत ठेवलं. माती विरघळल्यावर मुळं वर आली. सोटमुळावर, वरच्या बाजूला, मोठ्या गाठींचे झुबके. नखानं एक फोडली तर आत गुलाबी, ताज्या मांसासारखी. सोडलेल्या तासांत गाठी आहेत, पण बारीक आणि विखुरलेल्या, दोन-तीन फोडल्या तर आत पांढऱ्या हिरवट.

वडिलांच्या हातावर दोन्ही ठेवल्या. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले.

सूक्ष्मदर्शी, २९ नोव्हेंबर

तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद. तो असला म्हणजे गाठ कामावर आहे, नत्र बांधतेय. आत पांढरी-हिरवी गाठ काही उपयोगाची नाही. फार आनंद झाला वाचून. पण ही रायझोबियमची परीक्षा झाली. मरीची परीक्षा फुलोऱ्यानंतर.

कोरडवाहू, १८ जानेवारी

घाटे भरलेत. खरं ते लिहितो.

वरच्या अडीच एकरांत मर आहे, पण गेल्या वर्षीसारखी ठिगळं नाहीत. एखाद-दुसरं झाड. खुंट्यांमधल्या चार तासांत मेलेली झाडं लांबूनही दिसतात, दोन्ही बाजूंनी हिरवं आणि मधे तुटक रांग. वाण सगळीकडं तोच आहे, म्हणून हा फरक जिवाणूंचा असं मी धरतोय. सर, चुकत असेन तर सांगा.

खालच्या एकरात मात्र, ओढ्याकडच्या कोपऱ्यात, काहीच फरक नाही. पेरल्यावर पाऊस झाला होता, तिथं आठ दिवस पाणी होतं. गेल्या वर्षी इतकीच झाडं गेली. आलेवाला दादांनी निचऱ्याचं लिहिलं होतं ते मी वाचून पुढं गेलो होतो.

आलेवाला, १८ जानेवारी

उन्हाळ्यात त्या कोपऱ्याला चर काढ भावा. दुसरं काही करू नकोस.

सूक्ष्मदर्शी, १९ जानेवारी

तुमचा निष्कर्ष मला पटतो, पण चार तासं एकाच जागी होती. तिथं बुरशी मुळातच जास्त असेल तरी असंच दिसेल. पुढच्या वेळी दोन-दोन तासं तीन वेगवेगळ्या ठिकाणी सोडा. ओढ्याकडच्या एकरात निदान तीन-चार रब्बी हरभरा नको, ज्वारी घ्या. आणि मेलेली झाडं काढणीपर्यंत रानात ठेवू नका. मुळासकट काढून बांधाबाहेर जाळा, नाहीतर सगळी बुरशी परत त्याच मातीत जाते.

कोरडवाहू, १९ जानेवारी

उद्या सकाळी दव असेपर्यंत काढायला घेतो, माती ओली असली की मूळ अखंड येतं. वडीलही येतो म्हणालेत. तीन ठिकाणच्या खुंट्या कुठं ठोकायच्या ते त्यांनी आजच बघून ठेवलंय.